जुनी मराठी फाइल उघडली की इंग्रजी कचरा दिसतो. मजकूर गेला का?

ताई, आधी एक काम करा: त्या दुकानदाराला फोन करून सांगा की जुना कॉम्प्युटर फॉर्मॅट करायचा नाही. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून थोडक्यात मांडतो. तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. २००२ पासूनची इतिवृत्तं, सभासदांची यादी आणि स्मरणिकेचा मजकूर जुन्या कॉम्प्युटरवर. यंदा देणगीतून लॅपटॉप आला. फाइली पेनड्राइव्हवरून त्यात आणल्या आणि उघडून बघता तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांचा खच. सगळं सिलेक्ट करून मंगल फॉन्ट लावला, फरक पडला नाही. दुकानदार म्हणाला व्हायरस आहे. जुना फॉर्मॅट करू, नव्यात अँटिव्हायरस टाकू. तुम्ही विचारलंय की मजकूर खरंच गेला का, आणि गेला नसेल तर मदत कोणाकडे मागायची.

गेलेला नाही. व्हायरसचाही यात काही संबंध नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असला हा सल्ला आहे. मी १९९७ पासून डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणं) आणि कॉम्प्युटर दुरुस्ती अशा दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहे, आणि हा प्रश्न घेऊन माणूस आला नाही असा महिना आठवत नाही.

काय झालंय ते समजून घ्या, म्हणजे पुढे कोणी काही सांगितलं तरी तुम्हाला पारखता येईल. आपल्या स्वयंपाकघरात बिस्किटांच्या जुन्या डब्यात हळद असते आणि ‘चहा’ लिहिलेल्या डब्यात हिंग. घरच्या बाईला ते पाठ असतं, त्यामुळे तिचं काही अडत नाही. पाहुणी आली की ती लेबल वाचून डबा उघडते आणि फसते. जुने मराठी फॉन्ट असेच होते. कॉम्प्युटरला तेव्हा एका फॉन्टमध्ये २५६ खण माहीत होते, आणि त्यांतल्या अक्षरांचे खण इंग्रजीच्या नावाने. फॉन्ट करणाऱ्यांनी इंग्रजीचं चित्र काढून तिथे मराठीचं चित्र बसवलं. फाइलमध्ये साठवलं जायचं इंग्रजी अक्षरच, पडद्यावर चित्र दिसायचं मराठी. तुमच्या नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही, म्हणून तो पाहुणीसारखा लेबल वाचतोय, एवढंच.

हे जवळून बघा. कृतिदेव नावाच्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये असा साठवलेला असतो: छोटा ई, छोटा जे, छोटा के, मोठा बी, छोटा एच. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दुसरी वेलांटी. ही मांडणी रेमिंग्टन टाइपरायटरची. मराठी टायपिंगची तीस-चाळीसची परीक्षा पास झालेल्या माणसाला थेट कॉम्प्युटरवर बसता यावं म्हणून ती तशीच उचलली. आता त्या मजकुराला मंगल लावला तर मंगल म्हणतो, इथे इंग्रजी ई आहे, मी ई दाखवतो. मंगल हा युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र खण देणाऱ्या मानकाचा फॉन्ट, त्याच्याकडे मराठीला स्वतःचे खण आहेत. त्यामुळे फॉन्ट बदलून हे कधीच सुटत नाही. खणांतला माल एका मांडणीतून दुसऱ्या मांडणीत हलवावा लागतो, त्याला आपण कन्व्हर्ट करणं म्हणतो.

तुम्ही मंगल लावल्यावर फाइल सेव्ह केलीत का? केली असेल तर त्या प्रतीतून मूळ फॉन्टचं नाव पुसलं गेलं. घाबरू नका, जुन्या कॉम्प्युटरवर मूळ आहेच, आणि फॉर्मॅट करू नका म्हणालो ते याचसाठी. तिथे फाइली तर आहेतच, पण त्याहून मोलाचे ते फॉन्ट आहेत. सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्स नावाचं फोल्डर असतं. मूळ फॉन्ट हाताशी असेल तर निम्मं काम झालं.

२००२ साली हे असं का केलं, असं कोणी नव्या कमिटीत विचारलं तर त्या वेळच्या टायपिस्टला दोष देऊ नका. भारतीय भाषांसाठी इस्की नावाचं मानक १९९१ मध्ये आलं होतं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण विंडोजमध्ये मराठी नीट यायला विंडोज २००० उजाडावं लागलं. एक्सपीमध्येही रीजनल सेटिंगमध्ये जाऊन खूण करावी लागे, मग ती विंडोजची सीडी मागे, आणि सीडी कोणाकडेच नसे. त्यात छपाई सगळी पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रामवर, आणि पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत कळलं नाही. मग प्रत्येक कंपनीने आपापली मांडणी केली. सीडॅक ही सरकारी संस्था पुण्याची आणि श्रीलिपी हे मराठी फॉन्टचं पॅकेजही पुण्याचं, तरी एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येत नसे. सीडॅकच्याच फॉन्टांत डीव्ही, डीव्हीबी आणि डीव्हीबीडब्ल्यू अशा निरनिराळ्या जाती. श्रीलिपी चालायला कॉम्प्युटरच्या मागे डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी खुंटी, लागायचा. तो हरवला की ऑफिसात सुतक.

म्हणून पहिला प्रश्न एकच: फॉन्ट कोणता? हे नाव कळलं की मदत मिळते, नाही कळलं की सल्ले मिळतात.

नाव शोधायला मूळ फाइलची प्रत वर्डमध्ये उघडा आणि त्या कचऱ्यात मध्येच कुठेतरी कर्सर ठेवा. वर फॉन्टच्या चौकटीत नाव दिसेल. फॉन्ट लॅपटॉपवर नसला तरी नाव दिसतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. एक्सेलमध्येही तसंच. शीर्षकात वेगळा फॉन्ट आणि मजकुरात वेगळा असू शकतो, म्हणून दोनचार ठिकाणी बघा. पीडीएफ असेल तर अॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट्स इथे सगळी यादी मिळते.

नोटपॅडची साधी फाइल असेल तर तिच्यात फॉन्टचं नाव नसतंच. मग ओळख तोंडवळ्यावरून पटवायची. डीटीपीवाले लांबून ओळखतात, तुम्हालाही दहा मिनिटांत जमेल. मजकुरात छोटा के पावलोपावली दिसत असेल तर कृतिदेव किंवा त्याच घराण्यातलं काही, कारण के म्हणजे काना, आणि कान्याशिवाय मराठीचं पान हलत नाही. त्याच न्यायाने छोटा एम जागोजागी, मधेमधे खालची रेघ आणि गणितातलं ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह दिसलं तर श्रीलिपी. डोक्यावर तिरपी रेघ असलेला मोठा ई सगळीकडे, जोडीला अर्ध्याचं चिन्ह आणि गोलातला आर दिसला तर सीडॅक. आणि ओठ हलवून वाचलं तर जवळजवळ रोमन मराठी वाचल्यासारखं वाटलं, तर शिवाजी फॉन्ट. या शेवटच्याचा मजकूर मी कित्येकदा कन्व्हर्टर न लावता वाचून दाखवलाय, लोकांना वाटतं याला काहीतरी सिद्धी आहे.

तुमची सभासदांची यादी एक्सेलमध्ये आहे ना? मग एक गंमत करून बघा. जुन्या कॉम्प्युटरवर, जिथे मराठी नीट दिसतं तिथे, आडनावांवर सॉर्ट लावा. कृतिदेव असेल तर बापट कदमांच्या आधी येतील, मग मोरे, पाटील, आणि अभ्यंकर तळाला. त्यांच्याही खाली गायकवाड आणि लाड. कारण एक्सेलच्या दृष्टीने बापट ‘सी’ने सुरू होतात, कदम ‘डी’ने, अभ्यंकर ‘व्ही’ने आणि लाड ‘वाय’ने. एका वाचनालयात वर्षानुवर्षं यादी हाताने वर्णानुक्रमे लावत होते, कारण ‘कॉम्प्युटरला मराठी क्रम येत नाही’ अशी सगळ्यांची समजूत झाली होती.

आता कन्व्हर्ट करणं. इंटरनेटवर कृतिदेव ते युनिकोड, श्रीलिपी ते युनिकोड असे कन्व्हर्टर मुबलक आहेत. डाव्या चौकटीत मजकूर टाका, बटण दाबा, उजवीकडे मराठी. इतिवृत्ताचा एक परिच्छेद टाकून बघाल तर आनंदाने उडीच माराल. पण थांबा, पुढचं वाचल्याशिवाय सगळी वर्षं त्यात ओतू नका.

हे काम नुसती अक्षरं बदलण्याचं नाही. जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसं साठवलेलं असतं, युनिकोडमध्ये जसं उच्चारतो तसं. ‘दिल्ली’ घ्या. पहिली वेलांटी डोळ्यांना द च्या आधी दिसते, म्हणून कृतिदेवमध्ये ती आधी साठवतात. युनिकोडमध्ये आधी द, मग वेलांटी. ‘धर्म’मधला रफार कृतिदेवमध्ये म च्या नंतर, युनिकोडमध्ये म च्या आधी. कन्व्हर्टरला या उड्या मारायच्या असतात, आणि जोडाक्षर लांबलचक असलं की तो मधेच पडतो. शब्दात एखादं अक्षर न जुळता त्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं की समजायचं, उडी चुकली.

मराठीची स्वतःची एक भानगड आहे. फुकटातले बरेच कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले. हिंदीला आपला आडवा र नाही. त्यामुळे ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’ होते. मग माणूस शहाणपणा करतो, सरसकट शोधा आणि बदला लावतो, आणि ‘कार्य’, ‘सूर्य’ यांची वाट लावतो. आचार्यांचा सत्कार आणि आचाऱ्यांचा सत्कार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर्या आणि दऱ्या याही. इतिवृत्तात कोणाचा सत्कार झाला हे तुम्हीच वाचून ठरवायचं. ‘र्ह’ मात्र निर्धास्त बदला लावण्याजोगं: ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘गुऱ्हाळ’. अपवाद बोटांवर मोजण्याइतके, ‘अर्हता’, ‘गर्हणीय’ वगैरे.

आणि आता आकडे. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय म्हणून जास्त वेळ घेतो. एका संस्थेच्या जुन्या हिशेबाच्या फाइली मी कन्व्हर्ट करून दिल्या. मजकूर वाचला, छान होता, दिल्या. चार दिवसांनी कोषाध्यक्षांचा फोन: ‘अहो, तारखांमध्ये ध कुठून आला?’ बघतो तर १२/०५/२००३ ची तारीख ‘१२ध्०५ध्२००३’ झालेली. कारण सरळ होतं. तारखा आणि रकमा टायपिस्टने इंग्रजी फॉन्टमध्ये टाकल्या होत्या, कन्व्हर्टरने सगळं कृतिदेव समजून बदललं. कृतिदेवमध्ये तिरपी रेघ म्हणजे अर्धा ध. स्वल्पविराम म्हणजे ए, म्हणून १२,५०० चे ‘१२ए५००’. टिंब म्हणजे अर्धा ण, म्हणून साडेचारचा दर ‘४ण्५’. ईमेल आणि इंग्रजी नावं तर ओळखू येईनात. वाचता वाचता माणूस आकड्यांवरून नजर सरकवतो, त्यामुळे हे सापडत नाही. मला ते सगळं परत करून द्यावं लागलं, आणि पैसे मागायचं तोंड राहिलं नाही.

तेव्हापासून मी असं करतो. वर्डमध्ये शोधा या खिडकीत शब्द न टाकता फक्त फॉन्ट निवडायचा, म्हणजे कृतिदेवमधला तेवढाच मजकूर एकदम सिलेक्ट होतो. त्याला एक रंग द्यायचा, समजा निळा. जे काळं राहिलं ते इंग्रजी किंवा आकडे, त्याला हात लावायचा नाही. निळं तेवढं तुकड्यातुकड्याने कन्व्हर्ट करायचं. वेळखाऊ आहे. शिवाय कन्व्हर्ट झाल्यावर आकड्याला चिकटलेला ध्, ए किंवा ण् शोधून बघायचा, सापडला की तिथे पेन्सिल ठेवायची. सभासदांची यादी करताना वर्गणीचा आणि तारखेचा रकाना आधीच बाजूला काढून ठेवा, नावं आणि पत्ते तेवढे कन्व्हर्ट करा आणि पुन्हा शेजारी लावा. ओळींचा क्रम मधल्या काळात बदलायचा नाही, म्हणून पहिल्या रकान्यात एक, दोन, तीन असे अनुक्रमांक टाकून ठेवा. पाटलांची वर्गणी पवारांच्या नावावर गेली तर वार्षिक सभेत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्या यादीत लोकांचे फोन नंबर आणि पत्ते आहेत. ती कुठल्याही अनोळखी वेबसाइटच्या चौकटीत टाकू नका. इतिवृत्तं आणि स्मरणिका ठीक आहे, यादीसाठी कॉम्प्युटरवर उतरवून इंटरनेट बंद करून चालणारा कन्व्हर्टर वापरा.

इथवर सगळं तुमच्या दुखण्याबद्दल झालं. पण तुम्ही पुढे लिहिलंय की एका फाइलमध्ये ‘वेगळाच कचरा’ आहे आणि एकीत नुसती प्रश्नचिन्हं आहेत. ही वेगळी दुखणी, औषधंही वेगळी.

वेगळा कचरा म्हणजे त्यात मात्रा चढवलेला छोटा ए आणि शेजारी चार पाय फुटलेलं छोटं वर्तुळ, हीच जोडी सारखी सारखी येते का? तसं असेल तर आनंद आहे. तो मजकूर आधीच युनिकोड आहे, फक्त एक्सेल तो चुकीच्या चष्म्याने वाचतोय. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी यादी) डबल क्लिक करून उघडली की हे हमखास होतं. ती तशी उघडू नका. कोरं एक्सेल उघडा, डेटा या टॅबवर ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ युनिकोड युटीएफ-८ घ्या. लगेच मराठी. यात कन्व्हर्टर लावलात तर आगीतून फुफाट्यात.

अक्षरांऐवजी चौकोनी डबे दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फॉन्टकडे ते अक्षर नाही. आपल्या ‘ॲ’चं हे नेहमीचं. युनिकोडमध्ये हे अक्षर २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं, त्यामुळे जुन्या विंडोजवर ‘ॲडव्होकेट’च्या आधी डबा दिसतो. त्याआधी लोक अ टाकून त्यावर चंद्र काढत. दिसायला तेच, पण कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द. यादीत ‘ॲड.’ शोधून निम्मेच वकील सापडले तर बाकीचे त्या जुन्या पद्धतीत लपलेत असं समजा.

प्रश्नचिन्हांबद्दल मात्र वाईट बातमी. अक्षरांच्या जागी सरळ ????? असतील तर तिथे मजकूर उरलेला नाही. जुन्या नोटपॅडमध्ये युनिकोड मराठी लिहून सेव्ह करताना तो विचारायचा की एएनएसआयमध्ये (त्या जुन्या २५६ खणांच्या पद्धतीत) सेव्ह केलं तर काही अक्षरं जातील, चालेल ना? आपण इंग्रजी न वाचता ओके दाबायचो. अक्षरं गेली. एका निवृत्त गुरुजींच्या आठवणींची चाळीस पानं अशी प्रश्नचिन्हं होऊन माझ्याकडे आली होती. ते दोनदोनदा विचारत होते, ‘पण पानं तर तेवढीच आहेत ना?’ पानं तेवढीच होती. अशा फाइलवर कोणी ‘रिकव्हर करून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. त्या फाइलची जुनी प्रत, कोणाला पाठवलेला ईमेल किंवा छापील कागद एवढेच मार्ग उरतात. हल्लीचं नोटपॅड विंडोज १० च्या २०१९ च्या सुधारणेपासून आपणहून युटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडमध्येच, सेव्ह करतं, त्यामुळे हा अपघात आता कमी झालाय.

स्मरणिका पेजमेकरमध्ये आहे म्हणता. जुन्या कॉम्प्युटरवर पेजमेकर चालू असेल तर तिथूनच मजकूर कॉपी करून वर्डमध्ये आणा, सगळ्यात सोपं. नसेल तर लिब्रेऑफिस उतरवून घ्या, ते फुकट आहे आणि त्याच्या ड्रॉमध्ये पेजमेकरची फाइल उघडते. मांडणी विस्कटेल, मजकूर निघाला तरी पुष्कळ. आणि फाइल उघडलीच नाही तर छापील स्मरणिका आहेच. ती स्कॅन करून गुगल ड्राइव्हवर टाका आणि गुगल डॉक्सने उघडा, ते चित्रातली मराठी अक्षरं ओळखून मजकूर करून देतं. स्वच्छ छपाई असेल तर निकाल बरा येतो. तपासणी मात्र टळत नाही, ती कशातच टळत नाही.

छापील प्रतीचा दुसराही उपयोग आहे, आणि माझ्या मते तो मोठा. फॉन्ट अगदी कोणालाच ओळखता येत नसेल तेव्हा फाइलचं एक पान आणि त्याच पानाची छापील प्रत शेजारी ठेवली की किल्ली मिळते. कुठल्या खणात काय आहे ते अक्षर अक्षर जुळवून काढता येतं. मी दोनदा असं केलंय. एका रात्रीचं काम आहे, चहा भरपूर लागतो.

तर मदत कोणाकडे मागायची? कॉम्प्युटर विकणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्याकडे नको. तो माणूस वाईट म्हणून नव्हे. त्याच्या हातात विंडोज टाकणं, रॅम बदलणं ही कामं आहेत आणि ज्याच्या हातात जे आहे तेच तो सुचवणार. तुम्ही गावातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे जा. त्यातही वीस वर्षांपूर्वी पेजमेकरवर बसणारा कोणी ऑपरेटर असेल तर त्याला गाठा, आता तो कदाचित झेरॉक्सचं दुकान चालवत असेल. पडद्यावरचा कचरा पाहून तो दारातूनच सांगेल, ‘श्रीलिपी आहे वहिनी, ०७१४ नंबरचा फॉन्ट दिसतोय.’ प्रेसमध्ये आजही कित्येक ठिकाणी मजकूर श्रीलिपीतच मागतात, त्यामुळे त्याच्याकडे दोन्ही दिशांचा कन्व्हर्टर असतो.

जाताना त्याच्यासाठी काय न्यायचं तेही सांगतो, कारण निम्मी मदत प्रश्न नीट न सांगितल्यामुळे फुकट जाते. मला फोन येतात ते असे: ‘सर, मराठी चालत नाही.’ यावर मी काय सांगणार? पडद्याचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटोही फारसा कामाचा नाही, त्यात अक्षरांवरच्या रेघा दिसत नाहीत. मूळ फाइलची प्रत न्या, मंगल न लावलेली. फॉन्टचं नाव कागदावर लिहून न्या. त्यातल्या एका पानाची छापील प्रत न्या. फाइल कोणत्या साली, कोणत्या प्रोग्रामात केली ते न्या. आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते न लाजता सांगा; ‘मी काहीच केलं नाही, आपोआप झालं’ हे वाक्य ऐकलं की आमचा अर्धा तास वाढतो.

फोनवरूनच ‘मी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून दुरुस्त करतो’ असं अनोळखी माणूस म्हणाला आणि एनीडेस्कसारखं काही उतरवून घ्यायला आणि त्यातला नंबर द्यायला सांगू लागला तर फोन ठेवा. वाचनालयाचं बँक खातं त्याच लॅपटॉपवरून बघत असाल तर विशेषच. फसगत झालीच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवा.

यापुढचं लिखाण युनिकोडमध्येच करा. विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्जमधून भाषा म्हणून मराठी जोडली की दोन कीबोर्ड मिळतात. एक इनस्क्रिप्ट, त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या. शिकायला आठपंधरा दिवस लागतात आणि मग हात थांबत नाही. दुसरा फोनेटिक, मोबाइलवर जसं रोमनमध्ये लिहितो तसा. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. मी इनस्क्रिप्टच्या बाजूचा आहे, कारण त्यात आडवा र आणि ळ यांना स्वतःची जागा आहे: शिफ्ट दाबून जे म्हणजे ऱ, शिफ्ट दाबून एन म्हणजे ळ. तुमच्या टायपिस्ट काकांना रेमिंग्टनची सवय असेल तर ती मोडायला लावू नका; रेमिंग्टनच्याच मांडणीत युनिकोड उमटवणारे कीबोर्ड मिळतात, त्यातला एक त्यांच्यासाठी बसवून द्या.

आता जुन्या कॉम्प्युटरकडे. बराच काळ बंद असेल तर सुरू करताना काळ्या पडद्यावर तारीख-वेळ चुकली म्हणून काहीतरी इंग्रजीत लिहून तो थांबेल आणि एफ१ दाबायला सांगेल. आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, बाकी काही नाही. दाबा एफ१. विंडोज सुरू झालं की इंटरनेटची वायर जोडू नका, पेनड्राइव्ह लावा आणि आधी ते फॉन्ट्सचं फोल्डर कॉपी करा, मग फाइली.